मदत हवी आहे: नुसत्या फळांवर प्रथिनं पुरतात का? माझा हिशेब जुळत नाहीये

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने मी फक्त फळांवर आहे, शिजवलेलं काहीही नाही. पोट हलकं राहतं, बरं वाटतं. हे आधीच सांगते, म्हणजे 'सोडून द्या' एवढ्यावर कोणी भागवणार नाही. पण महिनाभरापासून कंगव्यात केसांचा पुंजका निघतोय आणि बरणीचं झाकण उघडायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. वजन ६१ वरून ५८ किलोवर आलंय.

म्हणून काटा घेऊन बसले. (पहिले दोन दिवस केळी सालासकट तोलली, हसू नका.) सोललेली केळी १२०० ग्रॅम, त्यातून प्रथिनं १३ ग्रॅम. चार संत्र्यांतून पाचेक. तीन सफरचंदांतून जेमतेम दीड. सगळं मिळून २० ग्रॅमसुद्धा नाही, उष्मांक १६०० च्या आसपास.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला ४८. तेवढं नुसत्या केळ्यांतून काढायचं तर चार किलोंच्या वर केळी! सफरचंदांचं तर बोलायलाच नको.

फळाहारी मित्रमंडळी म्हणतात, आईच्या दुधात १०० मिलिलिटरला प्रथिन जेमतेम एक ग्रॅम, उष्मांकांच्या सहा-सात टक्के. त्यावर बाळाचं वजन पाच महिन्यांत दुप्पट होतं, मग वाढ संपलेल्या माणसाला पाच टक्के का पुरू नयेत? शिवाय ०.८३ हा आकडा मुद्दाम चढवलेला आहे म्हणे. ऐकायला पटतं, पण केस काही ऐकत नाहीत. गोम कुठे आहे?

प्रतिसाद:

ताई, गोम टक्क्यांत आहे. सहा किलोचं बाळ दिवसाला ७५०-८०० मिलिलिटर दूध पितं, म्हणजे आठेक ग्रॅम प्रथिन. किलोमागे १.३ ग्रॅम झालं. तुमच्या २० ला ५८ ने भागा: ०.३४. वजनाच्या मानाने बाळ तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त अन्न घेतं, म्हणून त्याला टक्का कमी असला तरी चालतो. त्यात आईच्या दुधातलं प्रथिन जवळजवळ सगळं पचतं. फळांतलं तसं नाही, आणि पोषणतक्त्यातला प्रथिनांचा आकडा अन्नातला नायट्रोजन मोजून त्यावरून काढलेला असतो, आणि तो नायट्रोजन सगळाच प्रथिनातला असतो असं नाही.

०.८३ चढवलेला आहे हे अर्धसत्य. सरासरी गरज ०.६६, त्यावर माणसामाणसांतला फरक धरून ०.८३ केलाय. पण ०.६६ नेही तुम्हाला ३८ ग्रॅम लागतात. तुम्ही त्याच्या निम्म्यावर आहात.

न शिजवताच खायचं असेल तर फळांच्या जोडीला बिया आणि दाणे आणा. ५० ग्रॅम बदामांत दहा ग्रॅम, ३० ग्रॅम भोपळ्याच्या बियांत नऊ, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. केळी तेवढ्यासाठी कमी करू नका, उष्मांकही तुम्हाला कमीच पडताहेत. मोड आलेली मसूर चालेल, पण राजमा कच्चा अजिबात नको, मोड आणूनही नाही; त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात. ब-१२ गोळीतूनच घ्यावं लागेल, ते फळांत नाही आणि बियांतही नाही. केसांसाठी लोह आणि थायरॉइडही तपासून घ्या, सगळं खापर प्रथिनांवर नको. आणि गळती लगेच थांबली नाही तर घाबरू नका. उपासमारीनंतर केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, तसेच थांबायलाही वेळ घेतात.

धागाकर्ती:

किलोने भागायचं डोक्यातच आलं नाही! रक्त तपासायला उद्याच जाते. आणि राजमा कालच भिजत घातला होता, मोड आणायचा बेत होता. आता खळखळ उकळायला ठेवलाय, घरातले खातील.