डॅनियलचा जौनपूरचा पूल: अस्सल छाप की कॅलेंडरचं पान?

बोरूबहाद्दर:
मंडळी, आजोबांच्या ट्रंकेत एक चित्र सापडलं. गोमतीवरचा जौनपूरचा दगडी पूल, दगडांच्या सांध्यांपर्यंत बारकाईने काढलेला. खाली इंग्रजीत डॅनियल असं नाव. कागद कडेने पिवळा, दोन-तीन तांबूस डाग. फ्रेमवाला म्हणतो, "लॅमिनेट करून देतो, आयुष्यभर बघायला नको." करू का? आणि जुनं आहे का, हे कसं ओळखायचं?

भिंगवाला:
लॅमिनेट अजिबात नको! एकदा चिकटलं की सुटत नाही.

इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियल आणि पुतण्या विल्यम १७८६ला भारतात आले, सात-आठ वर्षं हिंडले. परत गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी १४४ ॲक्वाटिंट (तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेली छापचित्रं) छापली, त्यातलाच हा पूल. अकबराच्या सुभेदाराने, मुनीम खानाने बांधलेला, म्हणजे त्यांनी पाहिला तेव्हाच दोनशेच्या वर वर्षांचा!

दहापटीचं भिंग घ्या आणि आभाळ किंवा सावली बघा. ॲक्वाटिंटला तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून तो आम्लात बुडवतात, त्यामुळे वेडीवाकडी बारीक जाळी दिसते. रंग वरून हाताने भरलेला, कुठेकुठे रेषेबाहेरही गेलेला. ऑफसेट, म्हणजे आजची यंत्रावरची छपाई, असेल तर रांगेतले रंगीत ठिपके दिसतील, विषय संपला. कागद उजेडासमोरही धरा. पाणचिन्हात साल असेल तर छाप त्याआधीची नाही, एवढं तरी कळतं.

कागदकाकू:
भिंगवाल्यांशी सहमत. फ्रेमचं माझ्याकडून: ॲसिड-फ्री माउंट (चित्राला आधार देणारा, आम्ल नसलेला पुठ्ठा), काच चित्राला टेकता कामा नये, सेलोटेप तर नकोच. चित्र माउंटला लावायला वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने. डागांवर घरचे प्रयोग करू नका (मी केलेत, विचारू नका). पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीवर टांगू नका.

बोरूबहाद्दर:
भिंग मिळालं. ठिपकेच ठिपके, अगदी शिस्तीत 😔 पण आई म्हणते, आजोबांनी जपलेलं आहे, हॉलमध्येच लागणार. मग माउंटचा खर्च करू का?

कागदकाकू:
आई म्हणतेय ना? मग करा. काच साधी चालेल.

भिंगवाला:
आणि मागे पेन्सिलने आजोबांचं नाव लिहून ठेवा. बॉलपेनने नको.