मदत हवी आहे: जुनी ओव्हेशन अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन लिलावात घ्यावी का? (लिलाव रविवारी संपतो)

खर्जातला_सा (धागाकर्ता)

नमस्कार. ईबेवर ओव्हेशनची एक जुनी गिटार लिलावाला लागली असून तिच्यावरची बोली सध्या २१० डॉलरपर्यंत पोहोचली आहे. लिलाव रविवारी संपणार आहे आणि त्याआधी जास्तीत जास्त किती बोली लावावी हे मला ठरवायचे आहे. विक्रेत्याने दिलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. वर्णनात इतकेच लिहिले आहे की ही गिटार एका जुन्या घराची आवराआवर करताना मिळाली, ती १९७० च्या दशकातील असावी, आणि तिच्या इलेक्ट्रिक भागाची चाचणी केलेली नाही. मी या विषयावर बरेच वाचले आहे, त्यामुळे ‘त्यापेक्षा नवी घ्या’ हा सल्ला कृपया देऊ नये. मला फक्त आकडा हवा आहे. जाणकारांनी लवकर उत्तर द्यावे ही विनंती.

सुतारपक्षी

आकडा सांगायला हरकत नाही, पण कशाचा सांगायचा? ओव्हेशनने गेल्या अर्धशतकात इतक्या प्रकारच्या गिटारी काढल्या आहेत की ‘जुनी ओव्हेशन’ म्हटल्याने काहीच कळत नाही. ध्वनिछिद्रातून आत पाहिल्यास गिटारच्या गोल, वाडग्यासारख्या पाठीच्या तळाशी चिकटवलेले लेबल दिसते आणि त्यावर चार आकडी मॉडेल क्रमांक असतो. ११ ने सुरू होणारे क्रमांक साधारणपणे साध्या अकूस्टिकचे आणि १६ ने सुरू होणारे पिकअपसहित (तारांचा आवाज अँपकडे नेणाऱ्या यंत्रणेसह) असतात. तुमच्या छायाचित्रांत लेबल नाही, सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती ब्रिजवरची पट्टी) बाजूने दिसत नाही, आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तार किती उंच आहे हेही कळत नाही. ही तीन छायाचित्रे विक्रेत्याकडून मागवा.

चढतीबोली

मूळ प्रश्न बोलीचा आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. ईबेवर लिलावाची वेळ ठरलेली असते आणि शेवटच्या क्षणी बोली आली तरी ती वाढत नाही. त्यामुळे आतापासून बोली चढवत बसणे म्हणजे स्वतःच्या पैशाने भाव वाढवणे होय. आपली कमाल रक्कम आधी ठरवावी आणि ती शेवटच्या आठ-दहा सेकंदांत एकदाच टाकावी. तुमच्या खालोखाल ज्याची बोली असेल तिच्यापेक्षा यंत्रणा फक्त एक पायरी वर जाते, तुमची पूर्ण रक्कम लगेच वापरत नाही. २५० ते ५०० डॉलरच्या टप्प्यात ही पायरी ५ डॉलरची आहे. त्यामुळे ३०० असा गोल आकडा टाकण्याऐवजी ३०७ टाकावा, कारण गोल आकड्यावर थांबणारे बरेच असतात.

मंद्रसप्तक

शेवटच्या सेकंदाच्या या कसरतीचा मला तरी कधी उपयोग झालेला नाही. जी रक्कम द्यायची तयारी आहे ती आजच टाकून झोपी जावे. असो. धागाकर्त्यांना सुचवतो की ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या वरच्या फळीवरच्या तुकड्याच्या) खुंट्या काढून त्यांखालची आतली पट्टी झिजली आहे का, याचे छायाचित्र मागवावे. जुन्या अकूस्टिकमध्ये पहिला बिघाड तिथेच होतो.

सुतारपक्षी

मंद्रसप्तक, जुन्या मार्टिन-गिब्सन गिटारींबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण ओव्हेशनच्या ब्रिजला खुंट्या नसतात. तारा ब्रिजच्या मागच्या कडेतून ओवलेल्या असतात. त्यामुळे सगळा ताण ब्रिजच्या चिकटवणीवर येतो आणि पाहायचे असते ते ब्रिजची मागची कड उचलली गेली आहे का, हे. विक्रेत्याला साधा कागद त्या फटीत सरकवून पाहायला सांगा. कागद आत गेला तर ब्रिज सोडवून पुन्हा चिकटवावा लागेल. तो खर्च धरून बोली कमी करता येते, पण गिटार त्यासाठी नाकारण्याचे कारण नाही.

ओसाकावासी

माझा सल्ला विचारलेला नाही, तरीही देतो. ओव्हेशनचा नाद सोडा आणि जपानी बनावटीची टाकामिने पाहा. टाकामिनेच्या अनुक्रमांकातले पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे असतात, त्यामुळे विक्रेत्याला काही माहीत नसले तरी वय कळते. याहू ऑक्शन्स जपानवर अशा गिटारी सतत येतात आणि तिथले बहुतेक विक्रेते तारांची उंची मिलिमीटरमध्ये लिहितात, जे अमेरिकेत क्वचितच कोणी करते. अट एकच: वर्णनात ‘जंक’ असा शेरा असेल, तर पुढे कसलीही तक्रार ऐकली जाणार नाही हे समजून बोली लावायची. शिवाय बऱ्याच लिलावांत शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पाच मिनिटांनी वाढते. म्हणजे चढतीबोली यांची युक्ती तिथे चालणार नाही.

चढतीबोली

प्रश्न ईबेचा आहे, ओसाकावासी.

खर्जातला_सा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार, पण मी टाकामिनेबद्दल विचारले नव्हते. विक्रेत्याने लेबलचे छायाचित्र पाठवले आहे, त्यावर १६१२-४ असा क्रमांक आहे. बाजूने घेतलेले छायाचित्रही आले आहे. आता तरी आकडा सांगावा. आज शुक्रवार आहे.

सुतारपक्षी

१६१२ म्हणजे पिकअपसहित कस्टम बॅलडियर, आणि शेवटचा ४ म्हणजे नैसर्गिक लाकडी रंग. मॉडेल चांगले आहे. सॅडलखाली पातळ पट्ट्या असतात आणि त्या काढून तारांची उंची कमी करता येते. तुमच्या छायाचित्रात सॅडल अजून बरेच वर आहे, म्हणजे उंची कमी करायला वाव आहे. हे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. नेकचा (मानेचा) कोन बिघडला असेल आणि सॅडलही आधीच तळाला गेले असेल, तर उरतो तो नेक काढून पुन्हा बसवण्याचा उपाय, आणि त्याची मजुरी या किमतीच्या गिटारला परवडत नाही.

दुसऱ्या छायाचित्रात ब्रिजच्या मागून शेपटीकडे जाणारी केसासारखी एक रेघ दिसते. ती प्रकाशाची तिरीप आहे, पॉलिशला गेलेला तडा आहे, की लाकूडच चिरले आहे? वरून ते ठरवता येत नाही. तारा सैल करून ध्वनिछिद्रातून लहान आरसा आणि विजेरी आत घातली की कळते. रेघ आतल्या बाजूलाही दिसली तर लाकूड चिरलेले आहे.

गुंतवणूकदार_काका

जुनी गिटार ही उत्तम गुंतवणूक आहे, हे इथे कोणी कसे लिहिले नाही? जॉन लेननची १९६२ ची गिब्सन जे-१६०ई, जी अकूस्टिक-इलेक्ट्रिकच होती, २०१५ च्या लिलावात २४ लाख डॉलरच्या वर गेली. कर्ट कोबेनची १९५९ ची मार्टिन डी-१८ई २०२० मध्ये ६० लाख डॉलरच्या वर गेली. धागाकर्त्यांनी घेऊन ठेवावी.

मंद्रसप्तक

काका, त्या किमती वाजवणाऱ्या हातांच्या आहेत. खुद्द डी-१८ई हे मॉडेल मार्टिनने जेमतेम दोन वर्षे काढले, कारण वरच्या फळीत भोके पाडून बसवलेल्या चुंबकीय पिकअपमुळे मूळ आवाज दबत असे. ओव्हेशनची गोष्ट निराळी आहे. चार्ल्स कामन हे हेलिकॉप्टर बनवणारे गृहस्थ होते. त्यांनी १९६६ मध्ये कृत्रिम तंतूंचा गोल वाडगा बनवून त्यावर लाकडी फळी बसवली, आणि पुढे प्रत्येक तारेखाली स्वतंत्र पिझो स्फटिक (कंपनांचे विजेत रूपांतर करणारा) असलेले पिकअप थेट सॅडलमध्ये घातले. रंगमंचावर शिट्टी न मारणारी अकूस्टिक हवी असणाऱ्यांनी ती म्हणूनच उचलली. बाजारात तशा गिटारी भरपूर आहेत आणि म्हणूनच त्या अजून स्वस्त मिळतात.

जर्सीकर

इथे सगळे लाकडाबद्दल बोलत आहेत, पण गिटार उतरणार कुठे हे कोणीच विचारलेले नाही. धागाकर्ते अमेरिकेत आहेत का? विक्रेता कोणत्या राज्यात आहे? केससहित पाठवतो आहे का? छायाचित्रांत केस दिसत नाही. गोल पाठीची गिटार साध्या केसमध्ये डुगडुगते, तिला तिच्या आकाराची केस लागते, आणि ती वेगळी घ्यायची झाली तर शंभर-दीडशे डॉलर सहज जातात.

खर्जातला_सा (धागाकर्ता)

मी पुण्यात असतो. गिटार अमेरिकेत एडिसनला (न्यू जर्सी) माझ्या दादाच्या घरी जाईल आणि वहिनी डिसेंबरात येताना घेऊन येईल. त्याचा किमतीशी काय संबंध आहे हे मला कळले नाही. केस आहे, वर्णनात लिहिलेले आहे, मी इथे लिहायचे राहिले.

जर्सीकर

सगळा संबंध त्याचाच आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ईबेवर दाद मागण्याची मुदत, वस्तू हाती पडल्यापासून, ३० दिवसांची असते. तुमची गिटार या महिन्यात एडिसनला पोहोचणार आणि तुम्ही ती डिसेंबरात पाहणार. म्हणजे दोष तुमच्या लक्षात येईल तेव्हा मुदत संपलेली असेल. त्यामुळे खोके आले की ते तिथेच उघडले जायला हवे, तार जुळवून पाहायला हवी आणि गिटार अँपला जोडून वाजवायला हवी. दादांना किंवा वहिनींना हे जमणार आहे का? नसेल तर जवळच्या दुरुस्ती करणाऱ्याकडे तपासणीसाठी नेण्याचा खर्च बोलीतून आधीच वजा करा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने अशीच मागवलेली मेंडोलिन न उघडता माळ्यावर ठेवली होती. पुढे उन्हाळ्यात ती भारतात पोहोचली तेव्हा तिची मान सांध्यातून सुटलेली होती, आणि विक्रेत्याला लिहिण्यात काही अर्थ उरला नव्हता.

ओसाकावासी

थेट कुरिअरने भारतात मागवली तर एवढी यातायात होणार नाही.

जर्सीकर

जास्त होईल. भारताच्या परकीय व्यापार धोरणानुसार वापरलेल्या वस्तूंची आयात, भांडवली यंत्रसामग्री वगळता, परवान्याशिवाय करता येत नाही. शिवाय सीमाशुल्क मोजताना गिटारच्या किमतीत वाहतूक आणि विमाही धरला जातो, आणि एवढ्या मोठ्या खोक्याची वाहतूक गिटारच्या किमतीएवढी होऊ शकते. प्रवाशाचे सामान म्हणून आणणे सोपे आहे, पण तिथेही शुल्कमाफीची मर्यादा आहे. वहिनींच्या इतर सामानासह हिशेब कसा बसतो ते पाहावे आणि लिलावाची पावती त्यांच्याजवळ असू द्यावी.

मंद्रसप्तक

फिंगरबोर्ड (मानेवरची बोटे टेकवायची फळी) रोझवूडचा असेल तर वन्यजीव व्यापाराचे नियम आडवे येतील, हेही लक्षात घ्यावे.

सुतारपक्षी

ती भीती आता बरीच कमी झाली आहे. २०१७ मध्ये रोझवूडच्या सगळ्याच जाती साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या तेव्हा गोंधळ झाला होता, पण २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याला ही सूट लागू नाही. जुन्या मार्टिनच्या पाठीला ते असते, म्हणून तिथे काळजी घ्यावी लागते. ओव्हेशनची पाठ लाकडाचीच नसल्यामुळे प्रश्न फक्त फिंगरबोर्डचा उरतो. विक्रेत्याला विचारून ठेवा.

धागाकर्त्यांनी एक सांगावे: तुम्ही ही गिटार अँपला लावून वाजवणार आहात की घरीच? घरीच वाजवायची असेल तर पिकअप चालते की नाही याला फारसे महत्त्व राहणार नाही.

खर्जातला_सा (धागाकर्ता)

अँपला लावूनच वाजवणार आहे. आमचा सुगम संगीताचा वाद्यवृंद आहे आणि तबला-ढोलकीच्या शेजारी माइकवर गिटार ऐकूच येत नाही, म्हणून तर ओव्हेशन हवी आहे. हे शीर्षकावरून स्पष्ट होते असे मला वाटले.

विक्रेत्याने आत्ताच उत्तर दिले आहे. रेघ आतून दिसत नाही, छायाचित्र जोडले आहे. त्याने नवी बॅटरी घालून शेजाऱ्याच्या अँपवर वाजवूनही पाहिले. पाच तारा वाजतात, दुसरी तार अगदीच क्षीण ऐकू येते. दादा खोके उघडेल, पण त्याला वाद्यातले काही कळत नाही.

चढतीबोली

‘चाचणी केलेली नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा चाचणी केली आणि वाजली नाही असाच असतो. हा विक्रेता प्रामाणिक दिसतो.

सुतारपक्षी

विक्रेत्याने हे लिहून दिले ते चांगले झाले, पण आता ती उणीव जाहीर आहे, म्हणजे नंतर त्याच कारणावरून परत करता येणार नाही. एक तार क्षीण वाजण्याची दोन कारणे असू शकतात. सॅडल त्या जागी नीट टेकत नसेल, तर ते काढून, खालची धूळ पुसून, पुन्हा सपाट बसवल्यावर आवाज येतो आणि खर्च शून्य असतो. दुसऱ्या तारेखालचा स्फटिकच मेला असेल तर संपूर्ण पिकअप बदलावे लागते. जुन्या पद्धतीचे मूळ पिकअप शोधावे लागेल, किंवा दुसऱ्या बनावटीचे बसवण्यासाठी सॅडलची खाच बदलावी लागेल. कोणते कारण आहे हे दुरून सांगता येत नाही, त्यामुळे वाईट तेच धरून चाला. वहिनींनी विमानात देताना तारा एक-दोन सूर उतरवाव्यात, केसमध्ये नेकच्या टोकाखाली कापडाची घडी ठेवावी आणि बॅटरी काढून घ्यावी.

तुम्हाला आकडाच हवा होता. अमेरिकेतील वाहतूक धरून ३०० डॉलर. त्याच्या वर गेल्यास सोडून द्या, कारण पाच तारांवर ठणठणीत आणि एका तारेवर मुकी अशी गिटार तुम्हाला वाद्यवृंदात चालणार नाही.

खर्जातला_सा (धागाकर्ता)

वाहतूक ५५ डॉलर आहे, म्हणून चढतीबोली यांच्या सांगण्याप्रमाणे शेवटच्या क्षणी २४७ टाकले. गिटार ३४० ला गेली. सर्वांचे आभार. अशीच दुसरी दिसल्यास इथेच लिहीन.

पिंपळपार

धागा आत्ताच पाहिला. लिलाव संपला का? माझ्याकडे गोल पाठीची एक अप्लॉज आहे, त्याच कामन कंपनीची, बरीच जुनी, आणि पिकअप चालते. तिला कोणी वाजवत नाही, हवी असल्यास कळवावे.

खर्जातला_सा (धागाकर्ता)

गिटार कोणत्या शहरात आहे? लेबलवरचा क्रमांक, बाराव्या फ्रेटवरची तारांची उंची आणि सॅडलचे बाजूने घेतलेले छायाचित्र द्यावे. सगळ्या सहा तारा अँपवर वाजतात का?

सुतारपक्षी

आणि फ्रेट वेगळे बसवलेले आहेत की फिंगरबोर्डसकट ॲल्युमिनियममध्ये ओतलेले आहेत, हेही पाहून सांगा. सुरुवातीच्या अप्लॉजमध्ये ते ओतीव असत, आणि तसे असतील तर झिजल्यावर बदलता येत नाहीत.