कलिंगा कंबरमाग: मुलांना आधी चौकट द्यावी की थेट माग?

धोटा_फणी: फिलिपिन्सच्या कॉर्डिलेरा डोंगरातल्या कलिंगा आदिवासींचं विणकाम कॅलिफोर्निया, हवाईतल्या कलिंगा घरांतल्या मुलांना शिकवायचं, तर सुरुवात खिळ्यांच्या चौकटीवर करतात. मला हे पटत नाही. चौकटीत ताण खिळे धरतात, कंबरमागाचं एक टोक पट्ट्याने विणणाऱ्याला बांधलेलं, म्हणून तिथे तो विणणाऱ्याच्या अंगात असतो. वही (एकाआड एक उभे धागे वर घेणारी, दोऱ्याच्या फाशांची काठी) उचलताना पुढे झुकून ताणा (उभे धागे) सैल सोडायचा, बाणा (आडवा धागा) ठोकताना मागे रेलायचं. चौकटीवर महिना घालवला तरी कंबरमागावर बसताच ये रे माझ्या मागल्या.

उभे_धागे: आठ वर्षांचं मूल सतत मागेच रेलतं. मग वही उचलत नाही, ते हिसका देतं, फासे तुटतात आणि तुमचा तास फासे बांधण्यात जातो. निदान वरखाली धागे कसे सुटतात हे तरी आधी चौकटीवर कळू दे.

धोटा_फणी: त्यासाठी पट्टी अरुंद घ्या! क्रोशाचा 10 नंबरचा मर्सराइज्ड सुती धागा, ताण्याचे 60 धागे, रुंदी साधारण अडीच-तीन सेंमी. लोकरीसारखा अ‍ॅक्रिलिक नको, त्याची लव एकमेकीत अडकते आणि तोंड (बाणा जायची फट) उघडत नाही. ताणा खुंट्यांवरून काढण्याआधी धाग्यांची अढी (वरच्या-खालच्या धाग्यांची फुली) दोऱ्याने बांधा, ती सुटली की धाग्यांचा क्रम गेलाच. पट्टा कमरेवर नाही, नितंबांच्या वरच्या हाडावर. दुसरं टोक भक्कम खांबाला. दाराच्या मुठीला बांधलंत तर कुणी दार उघडलं की संपलं.

उभे_धागे: अरुंद पट्टी मान्य. पण काठ? बाणा ओढून घेतला की पट्टी आकसते, सैल सोडला की ताण्यामधून बाणा डोकावतो. मुलांना हे दिसतच नाही.

धोटा_फणी: पट्टीच्या रुंदीएवढा कागदाचा तुकडा कापून द्या, दर दहा ओळींनी ठेवून बघायला सांगा. बघतात.

रंगपट्टी: तुमचं तंत्र चालू द्या, पण नक्षीचं काय? या कापडात वर ताणाच दिसतो, म्हणून लाल-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा क्रम ताणा लावतानाच ठरतो. कलिंगा प्रांतातल्या लुबुआगानच्या विणकर बायकांच्या नक्ष्या वर्गात सर्रास वाटणं मला खटकतं. फिलिपिन्सच्या 1997च्या कायद्याने आदिवासी समाजांचा पारंपरिक ज्ञानावरचा हक्क मान्य केला आहे. परदेशात तो लागू नाही म्हणून विचारायचंच नाही, असं थोडंच आहे?

उभे_धागे: मुलं कलिंगाच घरातली आहेत, त्यांना परवानगी कसली? अडचण ती पट्टी बाजारात मांडली की येते.

रंगपट्टी: घरातली असली तरी सगळ्या नक्ष्या सगळ्या गावांच्या नसतात. आजीच्या गावाचा क्रम आधी विचारून घ्या. तोवर साध्या दोन रंगांच्या पट्ट्या विणू देत.