नवरा ख्रिश्चन नाही, मुलीचा बाप्तिस्मा नाही. मराठी मंडळीत आम्हा तिघांना जागा मिळेल का?

राहुरीची_लेक

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर राहुरीकडचं. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, आजोबा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंच होते, रविवारची उपासना चुकली असं लहानपणी एकदाही झालं नाही. लग्न मात्र मी माझ्या पसंतीनं केलं. मिस्टर वारकरी घरातले, सासरे माळकरी, दरवर्षी वारीला जातात. आम्ही स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली रजिस्टर लग्न केलं, त्यांनी मला काही सोडायला लावलं नाही, मी त्यांना नाही. मुलगी आता सात वर्षांची आहे. मोठी झाली की तिचं ती ठरवेल असं आमचं दोघांचं बोलणं झालंय, तोवर ती माझ्याबरोबर चर्चला येते आणि एकादशीला आजोबांच्या मांडीवर बसून टाळ वाजवते.

नोकरीमुळं पिंपरीला आलो. इथं एका मंडळीत दोन वर्षं जात होतो, नाव घेत नाही. दोन वर्षांत मिस्टरांशी लोक एवढंच बोलले, "मग, तुमचं काही ठरलं का?" प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर घ्यायच्या वेळी सगळा बाक उठून पुढं जायचा आणि हे दोघं बापलेक तेवढे बसलेले असायचे, सगळे त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून जायचे. मी हातात भाकरीचा तुकडा घेऊन मागं वळून बघायचे तर पोरगी माझ्याकडंच बघत असायची.

गेल्या नाताळात नाटकात तिला देवदूत केलं होतं. पंख घरीच केले, पुठ्ठ्याचे, वर कापूस चिकटवलेला, मिस्टर रात्री एक वाजेपर्यंत फेविकॉल लावत बसले होते. रंगीत तालमीला एका बाईंनी सांगितलं की स्टेजवर फक्त बाप्तिस्मा झालेली मुलं घ्यायचं ठरलंय. पोरगी पंख घेऊन मागं येऊन बसली, रडली नाही, एवढंच विचारलं की आई मग हे पंख कुणाला द्यायचे.

त्यानंतर आम्ही गेलोच नाही. आठ महिने झाले, मोबाईलवर उपासना लावते पण ते खरं नाही हो, शेजारी कुणीतरी गात असल्याशिवाय गाणं गळ्यातून निघत नाही. मिस्टर म्हणतात तू जा, मी खाली गाडीत बसतो. मला ते नकोय.

विचारायचं हे की नव्या मंडळीत जाताना पाळकसाहेबांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, आधीच सगळं सांगावं की गुपचूप जाऊन बसावं? आणि मंडळी खरंच मोकळी आहे हे आधी कसं ओळखायचं? "सर्वांचे स्वागत" तर सगळ्याच बोर्डांवर असतं.

नगरकर_काका

बेटा सलाम. तुझं वाचून सकाळचा चहा तसाच राहिला.

आधी एक सांगतो. तुमच्या घरासारखं घर आपल्या मराठी मंडळीत नवीन नाही, आपल्यातलं सगळ्यात मोठं घर असंच होतं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची बायको लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या, त्या आपल्या लोकांत होत्या. पुढं काही वर्षांनी परत आल्या त्याही बाप्तिस्मा न घेता, सोवळं सांभाळून. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं. म्हणजे ज्यांची भजनं आपण आज टाळांवर म्हणतो त्यांच्या घरात एक माणूस आत आणि एक बाहेर, अशी वर्षं गेली आहेत.

आणि टिळक तिथं थांबले नाहीत. 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघंही, ज्याला येशूच्या मागं जायचंय तो आपला. 1919 मध्ये टिळक गेले आणि ते काम पुढं टिकलं नाही, याची मला फार हळहळ वाटते. पण कल्पना आपल्याच मातीत निघाली, ती कुणी बाहेरून आणलेली नव्हे, हे लक्षात ठेव. मिस्टरांना सांग, शाळेत घायाळ पक्षिणीची कविता शिकलात ना, ती याच टिळकांची.

आता मुलीचं. तुम्ही जे ठरवलंय ते मंडळीच्या शिकवणुकीबाहेरचं आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना शांतपणे सांग. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, त्यात बाळाला बाप्तिस्मा देणारे होते तसे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन पण होते, जे म्हणतात की समज आल्यावर स्वतः कबुली देऊनच बाप्तिस्मा. यावरून मिलन मोडलं नाही, दोन्ही रीती मान्य झाल्या. लहानपणी नुसतं समर्पण आणि बाप्तिस्मा मोठेपणी, हे तिथं चालतं. तिनं मोठं होऊन ठरवायचं यात वावगं काही नाही.

पाळकांना आधी भेट, हे माझं स्पष्ट मत. फोनवर नको. तिघंही जा, शनिवारी संध्याकाळी, घरी. त्यांनी पहिले कुणाशी बोलणं काढलं ते बघ. पोरीला नाव विचारलं, शाळा विचारली तर अर्धं काम झालं.

शब्द_आणि_सेवा

ताई, तुमच्या मुलीबरोबर जे झालं ते चूकच होतं. नाटक हा काही संस्कार नाही, त्यात कुणालाही घेता येतं, कुठल्याही शास्त्रात त्याला आडकाठी नाही.

पण काकांच्या लिहिण्यातून एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. प्रभुभोजनाचं वेगळं आहे. बायबलात 1 करिंथ 11 मध्ये पौल म्हणतो की माणसानं आधी स्वतःची परीक्षा करावी मग भाकर खावी, आणि पहिल्या शतकांपासून मेजाला, म्हणजे प्रभुभोजनाला, येणं बाप्तिस्म्यानंतरच आहे. मी स्वतः सेवेत आहे, मेजापाशी कुणाला थांबवताना मलाही जड जातं, पण मेज माझं नाही, मला ते सोपवलेलं आहे. मोकळी मंडळी म्हणजे काहीच नेम नसलेली मंडळी, असं धरून शोधायला गेलात तर पुन्हा मन दुखावेल. नेम असू दे, तो सांगताना माणसाला बाहेरचं ठरवतात का, ते बघा.

वसईवाली

मी कॅथलिक, माझी भावजय हिंदू. वरच्या ब्रदरांशी सहमत, कारण आमच्याकडंही कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, फक्त कॅथलिकांना, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी भावजय आमच्याबरोबर लाईनमध्ये उभी राहते, दोन्ही हात छातीवर घडी घालून, आणि फादर तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. बाकावर एकटं बसायची वेळच येत नाही. पहिल्यांदा गेली तेव्हा घाबरली होती, मागून एका म्हातारीनं तिचे हात धरून घडी कशी घालायची ते दाखवलं.

लग्न पण चर्चमध्येच झालं, बिशपांची परवानगी काढून. लोकांना वाटतं हिंदू बाजूकडून काहीतरी लिहून घेतात, तसं नाही. मुलांना विश्वासात वाढवायचा शक्य तेवढा प्रयत्न करीन हे वचन कॅथलिक जोडीदार देतो, दुसऱ्याला फक्त ते सांगितलेलं असतं. 1983 च्या चर्चच्या कायद्यात तसंच आहे.

आणि ताई, माहीमला सेंट मायकलच्या बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे खास प्रार्थनेला, एकदा मिस्टरांना घेऊन जा. तिथं कुंकू लावलेल्या बायका असतात, टोपीवाले आजोबा असतात, कॉलेजची पोरं असतात, कुणाला कुणी विचारत नाही तुम्ही कोण. मंडळी म्हणून ते पुरेसं नाही, तिथं कुणी तुमची वाट बघत नसतं, पण गाडीत बसणाऱ्या माणसाला आत पाऊल टाकायला ती जागा चांगली.

मागचा_बाक

ताई, मी तुमच्या मिस्टरांच्या जागेवरून लिहितोय. मी हिंदू, बायको ख्रिश्चन, नऊ वर्षं दर रविवारी जातोय, बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि घेईन की नाही सांगता येत नाही.

मलाही पहिल्या चर्चात तेच, "काही ठरलं का?" विचारणारे वाईट नव्हते, पण दर रविवारी तोच प्रश्न आला की माणसाला वाटतं आपण इथं माणूस नाही, अपुरं राहिलेलं काम आहोत. मीही गाडीत बसायचो, पेपर वाचायचो. गाडीत बसतो म्हणणाऱ्या माणसाला यायचं नसतं असं नाही हो, त्याला आपल्यामुळं बायकोला अवघडल्यासारखं व्हायला नको असतं. त्यांना एकदा विचारून बघा.

दुसऱ्या ठिकाणी गेलो तिथं दुसऱ्याच रविवारी एका पंचांनी मला विचारलं, तुम्हाला वायरिंगमधलं कळतं का, पंखा आवाज करतोय. मी उपासना संपल्यावर शिडीवर चढलो. खालून दोघं शिडी धरून उभे, बायकांनी वर चहा दिला, तिथंच शिडीवर बसून प्यायलो. तेव्हापासून त्या चर्चच्या लाईटचं सगळं मी बघतो. हार्वेस्टला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे उपकार मानायच्या सणाला, आणलेल्या वस्तूंच्या लिलावाच्या वेळी माईक मी लावतो आणि दरवर्षी एक भोपळा उगाच चढ्या भावानं घेतो, पोरं टाळ्या वाजवतात.

प्रभुभोजनाला मी बसून राहतो, अजूनही. पण आमच्या इथं एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना गुडघ्यांमुळं उठवत नाही, पाळक त्यांना जागेवर आणून देतात. त्या मुद्दाम माझ्या बाकावर येऊन बसतात. भाकर घेतात आणि डोळे मिटायच्या आधी माझ्या हातावर हात ठेवतात. नऊ वर्षांत एकदाही काही बोलल्या नाहीत यावर.

म्हणून ओळखायचं कसं म्हणाल तर बोर्ड वाचू नका, सगळे उठून पुढं गेल्यावर बसलेल्यांकडं कोण बघतं ते बघा.

गोदाकाठ

फक्त मिश्र लग्नाचा प्रश्न नाहीये हा, म्हणून लिहितोय.

आमच्या घरात आजीपासून सगळे प्रभूला मानणारे, घरात रोज रात्री प्रार्थना, पण मंडळीच्या रजिस्टरला बऱ्याच जणांचं नाव नाही. कारण 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातीचा दाखला त्या आदेशाप्रमाणं आधी फक्त हिंदूंना, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी वडिलांनी बाप्तिस्मा लांबवला तो लांबवलाच. शेवटच्या आजारात म्हणायचे, देवाला माझं नाव माहीत आहे. आणि अशा माणसाला मंडळीत "कागदी हिंदू" म्हणणारे होते. त्यांनी पोटासाठी केलं, खोटेपणासाठी नाही, हे मला अजून कुणाला तरी सांगावंसं वाटतं म्हणून इथं सांगितलं.

आजी सांगायची की तिच्या लहानपणी त्यांच्या गावच्या मंडळीत महारवाड्यातली घरं एका सतरंजीवर आणि मांगवाड्यातली दुसऱ्या, आणि प्रार्थना दोघांची एकच. एका पाळकानं एके रविवारी दोन्ही सतरंज्या उचलल्या आणि नुसत्या जमिनीवर बसा म्हणाला. काही घरं महिनाभर आली नाहीत. मग आली. बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचा, सोन्याची अंगठीवाला आला की चांगली जागा आणि गरीब आला की तू इथं पायाशी बस. आपल्याकडं फक्त अंगठीच्या जागी आडनाव आहे.

ताई, नव्या मंडळीत कमिटीत कुठल्या घरांतली माणसं आहेत तेपण बघा. तीन-चारच आडनावं असली तर जरा दमानं घ्या.

नगरकर_काका

गोदाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचलं. आमच्याकडून अशा माणसांना फार बोललं गेलंय, मीही तरुणपणी बोललोय. मला त्याचं वाईट वाटतं, माफी असावी.

सेवेतल्या ब्रदरांचं मेजाबद्दलचं मी समजू शकतो. वाद घालत नाही. फक्त नेमाबरोबर शेजारी बसायला एक माणूसही पाठवा एवढंच म्हणणं.

राहुरीची_लेक

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, काय बोलू. मागचा बाक दादा, तुमचं लिहिलेलं मी मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शिडीवर चहा प्यायला तिथं ते हसले आणि मग बराच वेळ गप्प. तुम्ही सांगितलं तसं विचारलं, तर म्हणाले, भाकरी घेऊन तू मागं वळून बघायचीस ना, ते बघवायचं नाही मला.

काकांनी सांगितलं तसं शनिवारी तिघं गेलो, दुसऱ्या एका मंडळीच्या पाळकसाहेबांकडं. घर चर्चच्या मागंच आहे. मी सगळं आधीच सांगून टाकलं, माळकरी सासऱ्यांपासून ते नाटकापर्यंत. त्यांनी स्पष्ट सांगितलं की प्रभुभोजन मुलीला आणि मिस्टरांना देता येणार नाही, पण आशीर्वादाला तिघं पुढं या, एकत्र. पाळकांच्या मॅडम तोवर पोरीला आत घेऊन गेल्या, मांजरीची पिल्लं दाखवायला.

रविवारी गेलो. भजन टाळ आणि ढोलकीवर होतं, टिळकांचंच, आणि चाल ओळखीची निघाली असणार कारण दुसऱ्या कडव्याला मिस्टर टाळ्यांचा ठेका धरून बसले, अगदी घरी सासरे धरतात तसा. शेजारच्या आजोबांनी त्यांच्याकडं टाळ सरकवले. पुढच्या आठवड्यात येताना आपले घेऊन येऊ का, असं यांनी घरी येताना विचारलं.

गोदाकाठ दादा, कमिटीचं बघीन, अजून माहीत नाही. एकाच रविवारावरून मी काही म्हणत नाही.

आता एक छोटं विचारायचंय. पुढच्या महिन्यात तिथं हार्वेस्ट आहे. आमच्या गावाकडं बाजरीची कणसं, शेंगा, कोंबडी असं न्यायचे, इथं फ्लॅटमध्ये आमच्याकडं गॅलरीत कढीपत्ता आणि चार मिरच्यांची झाडं आहेत. पिंपरी-चिंचवडकडचे लोक काय नेतात? सासूबाई म्हणतायत आपल्या शेतातला गूळ पाठवते, तो चालेल ना?