विनोदी कोझी रहस्यकथा: पुरावा विनोदात लपवावा की नाही?

(लेखकांमधली चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिरकी रेघ

कोझी म्हणजे रक्तपात पडद्याआड, ओळखीपाळखीच्या माणसांचं छोटं वर्तुळ, आणि तपास करणारी व्यक्ती हौशी. तिच्याकडे ना बिल्ला, ना प्रयोगशाळा. यात विनोद आणायचा म्हटलं की बरेच जण दोन वह्या करतात, एकीत खून आणि दुसरीत गमती. मग लिहिताना आलटूनपालटून दोन्हींतलं उतरवतात. अशा कथेत दर तिसऱ्या प्रकरणाला तपास थांबतो आणि वाचक पानं उलटून पुढे जातो.

माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक विनोदी प्रसंगाने एखादा पुरावा वाहून नेलाच पाहिजे. वाचक हसतो तेव्हा त्याची तपासणी सैल पडते, आणि पुरावा सरकवायची तीच वेळ.

एक रचून दाखवते. वाचनालयाची वार्षिक सभा. खजिनदार दर सभेआधी खुर्च्या मोजतो. नोंदवहीत 36, भरतात 35. तो हरवलेल्या खुर्चीबद्दल ठराव मांडतो, अनुमोदक मिळेना म्हणून स्वतःच अनुमोदन देतो, मग ते नियमात बसतं का यावर वीस मिनिटं वाद. शेवटी कळतं की ती खुर्ची मागच्या कोठीच्या झरोक्याखाली होती. खुन्याने उघडलेल्या त्या झरोक्याची कडी उंचावर आहे. उंच माणसाचा हात तिथे सहज पोचतो, त्याला खुर्ची लागलीच नसती. संशयितांतले दोन उंच जण सुटतात.

70,000 शब्दांच्या कादंबरीला माझा हिशेब असा: संशयित 5, प्रेत पहिल्या 8,000 शब्दांच्या आत, पुरावे बाराएक. त्यातले 7 खरे, बाकीचे चकवे. महत्त्वाच्या प्रत्येक निष्कर्षाला तीन स्वतंत्र पुरावे, कारण एक वाचकाच्या नजरेतून निसटतो, एकाचा तो चुकीचा अर्थ लावतो, तिसरा टिकतो. पुरावा दिसणं आणि तो कामी येणं यांत किमान दोन प्रकरणांचं अंतर.

उलटतपासणी

हिशेब मान्य. मूळ मुद्दा साफ अमान्य.

प्रत्येक विनोदात पुरावा ठेवलात की चौथ्या-पाचव्या प्रकरणापर्यंत वाचकाला किल्ली सापडते. हसू आलं की तो थांबून शोधायला लागतो. म्हणजे लपवायची जागाच खुणेचा दगड झाली.

दुसरं, हसवणारं वाक्य विसरलं जात नाही, उलट तेच डोक्यात घर करून बसतं. तुमच्या खजिनदाराने 36 आणि 35 हे आकडे तीनदा उच्चारले की वाचक पुस्तक मिटल्यावरही ते सांगेल. झरोका दिसताक्षणी त्याला खुर्ची आठवणार.

तिसरं कारण मला जास्त सलतं. ओझं वाहणारा विनोद अवघडतो. त्याला ठरावीक वस्तू, ठरावीक वेळ, ठरावीक माणूस पुरवायचा असतो, त्यामुळे संवाद जिथे आपसूक वळला असता तिथे वळत नाही. दहा विनोदी प्रसंगांपैकी तीन-चारांत पुरावा ठेवा. बाकीचे माणसं दाखवण्यासाठी मोकळे सोडा.

खळ आणि कात्री

दोघेही हौशी शोधकाला विसरलात. ती कोण आहे हे आधी ठरवा, विनोद आणि पुरावा कुठून येणार ते तिच्या कामातून ठरतं.

पोलिसांकडे फोनच्या नोंदी आहेत, ठसे आहेत, शवविच्छेदन आहे. तिच्याकडे फक्त दोन गोष्टी: लोक तिच्यासमोर सावध न होता बोलतात, आणि एका हुन्नरातलं तिला असं काही कळतं जे इतरांच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. समजा ती पुस्तकबांधणी करते. मृत संग्राहकाकडचा ग्रंथ शंभर वर्षांपूर्वीच्या मूळ बांधणीतला, आजवर हात न लागलेला, असं विक्रेता छातीठोक सांगतो. ती पुठ्ठ्याच्या आतला कोपरा ओल्या कापसाने दहा-पंधरा मिनिटं दमट ठेवते. पिठाची खळ असती तर मऊ होऊन सुटली असती. इथे कागद निघतच नाही, खाली लवचिक पापुद्रा लागतो. तो पांढरा सिंथेटिक डिंक, त्या काळी बांधणीत नव्हताच. ग्रंथ नंतर कोणीतरी उघडून पुन्हा चिकटवलाय. पोलीस मूर्ख नाहीत, पण पुठ्ठा ओला करून बघायचं त्यांच्या मनात येणार नाही.

विनोदही तिथूनच. तिला कुठलंही पुस्तक दिसलं की ती आधी ते पाठीकडून बघते, वास घेते, आणि समोरच्याचं दुःख ऐकता ऐकता शिवण मोजते.

जाता जाता, हौशी शोधकाला प्रेताकडे बघून मृत्यूची वेळ सांगायला लावू नका. ताठरपणा साधारण 2 ते 4 तासांत जबडा-मानेपाशी जाणवू लागतो, बाराएक तासांत पूर्ण होतो, आणि खोलीच्या तापमानाने हे सगळं मागेपुढे होतं. आणि क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरताच माणूस कोसळत नाही, काही मिनिटं जातात. असली एक चूक दिसली की जाणता वाचक तुमच्या खऱ्या पुराव्यांवरही विश्वास ठेवत नाही.

उलटतपासणी

खळीचं उदाहरण आवडलं, पण आहे तसं ते अन्यायाचं आहे. खळ पाण्याने सुटते आणि सिंथेटिक डिंक तसा सुटत नाही, हे वाचकाला आधी माहीत नसेल तर त्याने कोडं सोडवायचं कसं? इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला आठवा हाच, की शोधकाच्या हाती लागलेला पुरावा तत्काळ वाचकासमोर आला पाहिजे. हुन्नरातल्या पुराव्याला एवढंही पुरत नाही. तो समजायला लागणारी माहितीही आधीच दिलेली हवी.

तिरकी रेघ

आणि ती कुठे देणार? तिसऱ्या प्रकरणात ती एका लग्नाळू पाहुण्याला खळीवर अखंड व्याख्यान देते, तो दाराकडे सरकत राहतो, ती त्याच्या मागोमाग. वाचक हसतो आणि माहिती त्याच्या खिशात जाते. म्हणजे विनोदात पुरावा ठेवावा लागतो हे तुम्हीच कबूल केलंत.

उलटतपासणी

नाही, आणि फरक नेमका इथेच आहे. व्याख्यान ही माहिती झाली. पुरावा म्हणजे त्या विशिष्ट ग्रंथाचा न सुटणारा कोपरा. माहिती खुशाल विनोदात द्या, कारण ती लक्षात राहायला हवी आणि विनोद ते काम चोख करतो. पुरावा मात्र साध्या, थोड्या कंटाळवाण्या वाक्यात ठेवा, कारण तो लक्षात राहू नये अशी आपली इच्छा असते. तुम्ही दोन्ही एकाच डब्यात भरताय.

मधलं पान

या फरकाला माझं अनुमोदन, एक भर घालून. विनोदाच्या शेजारची जागा सगळ्यात अंधारी असते. तीन गोष्टींची यादी करा. पहिली सरळ, दुसऱ्या जागी पुरावा, तिसरीवर हशा. वाचकाच्या मनात तिसरी उरते, दुसरी पुसली जाते. उलटं केलंत, म्हणजे पुरावा शेवटी टाकलात, तर तोच ठळक होतो.

आणखी एक, ज्यावर इथे कोणी बोललं नाही. योगायोग. विनोदी लेखनाचं त्याच्यावाचून पान हलत नाही, आणि नॉक्सचा सहावा नियम म्हणतो की अपघाताने शोधकाला मदत होता कामा नये. दोन्ही सांभाळता येतात. योगायोगाने ती अडचणीत येऊ दे: चुकीच्या कपाटात अडकू दे, नको त्याच्या हाती तिची चिठ्ठी पडू दे. सुटका आणि उकल मात्र तिच्या डोक्याने. कपाटात अडकल्यामुळे तिने खुन्याचं बोलणं ऐकलं, असं लिहिलंत की कोडं मेलं.

प्रेत सापडल्यावर दोन-तीन पानं विनोद पूर्ण बंद ठेवावा असंही मला वाटतं. आणि मेलेल्या माणसावर तर पुस्तकभर कधीच नाही.

तिरकी रेघ

शेवटच्या मुद्द्यावर वाद घालेन. मृत व्यक्ती तिरसट, सगळ्यांना छळणारी असली तर पाचही संशयितांना हेतू आयते मिळतात आणि वाचकाला हसायची मुभा राहते. हा जुना, भरवशाचा मार्ग आहे.

मधलं पान

भरवशाचा खरा, पण त्याची किंमत शेवटी मोजावी लागते. मेलेल्याचं कुणालाच काही वाटत नसेल तर खुनी सापडो न सापडो, काय फरक पडतो? तिरसट ठेवा, पण कुणातरी एकाला त्याची उणीव भासली पाहिजे. एक माणूस, एक छोटा प्रसंग, अर्धं पान पुरे.

खळ आणि कात्री

कच्चा खर्डा तपासायची रीत सांगतो, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. शेवटची तीन प्रकरणं काढून खर्डा चौघांना वाचायला द्या. संशय कोणावर आणि कशामुळे, दोन्ही लिहून मागा. चौघांनी बरोबर ओळखलं तर पुरावा ठळक झाला. उकल वाचून दिल्यावरही कोणालाच एकही पुरावा आठवला नाही, तर तो जास्तच पुरला गेलाय. एक-दोघांनी ओळखलं आणि उरलेले "अरे हो, ते होतं की!" म्हणाले, तर हात लावू नका.

उलटतपासणी

मग खुर्चीचा प्रसंग असा करून बघा. खजिनदाराची मोजण्याची सवय ठेवा, ती छान आहे. पण आकडे एकदाच, सामानाच्या यादीत: "पंखे सहा, खुर्च्या पस्तीस, आणि अध्यक्षांची घंटा, जिचा लोळा कोणीतरी काढून नेला होता." ठराव, अनुमोदन, वीस मिनिटांचा वाद, सगळं त्या लोळ्यावरून होऊ दे. 36 हा आकडा नोंदवहीत, पाच प्रकरणं आधी, एका रुक्ष ओळीत.

तिरकी रेघ

लोळा मान्य. 36 मात्र इतक्या आधी नको. पाच प्रकरणांत दोन आकडे जोडणारा वाचक हजारात एखादा. सभेच्या लगेच पुढच्या प्रकरणात, आपली पुस्तकबांधणी करणारी शोधक ती नोंदवही बांधायला घेते तेव्हा मी तो टाकते. सैल झालेली पानं क्रमाने लावताना ती आकडा वाचते, आणि लक्ष असतं फाटलेल्या शिवणीकडे.

खळ आणि कात्री

फाटलेली शिवण नको, सुटलेली म्हणा. दोरा कुजून शिवण सुटते, फाटतो तो कागद. तिच्या तोंडी तरी बरोबर शब्द हवा.