मदत हवी आहे: भाषाविज्ञानात पीएचडी संपत आलीये, विद्यापीठात अर्ज करू की कंपन्यांमध्ये?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं शेवटचं वर्ष चालू आहे, विषय ध्वनिविज्ञान आणि थोडं भाषा-दस्तऐवजीकरण (बोलणाऱ्यांची रेकॉर्डिंग्ज करून भाषेची नोंद ठेवणं). प्रबंध जवळपास लिहून झालाय, पुढच्या नोकरीचं बघायला घेतलंय आणि डोक्याचा नुसता भुगा झालाय, कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

विद्यापीठांचं गणित साधारण कळलंय. लिंग्विस्ट लिस्टवरच्या जाहिराती नेमाने बघते (१९९० पासून चालू आहे ती, आणि आमच्या विषयात सगळे आधी तिथेच बघतात). उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याचशा टेन्युअर ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणाऱ्या) जागा ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये निघतात आणि रुजू व्हायचं थेट पुढच्या वर्षी, म्हणजे कव्हर लेटर, संशोधनाचं आणि शिकवण्याचं निवेदन, एखादा पेपर, वर शिफारसपत्रं हे सगळं खूप आधी तयार हवं. ते करायची तयारी आहे. पण कायमची जागा निघते तिथे ध्वनिविज्ञानही हवं, कॉर्पसचं (भाषेच्या नमुन्यांच्या मोठ्या साठ्यावरचं) कामही हवं आणि वर भाषा शिकवायचे वर्गही घ्यायचे, आणि जी अगदी माझ्या विषयाची असते ती नेमकी वर्षभराची. वर्षावर्षाला गाव बदलत राहायचं आणि त्यातच पुढचे अर्ज भरत बसायचं, हे किती दिवस चालतं?

कंपन्यांचं मात्र काही उमगतच नाही. 'लिंग्विस्ट' टाकून शोधलं की भाषांतराच्या नाहीतर दुभाष्याच्याच जागा जास्त दिसतात. मग कळलं की आपल्या कामाच्या जागा लँग्वेज इंजिनियर, अ‍ॅनालिटिकल लिंग्विस्ट, कन्व्हर्सेशन डिझायनर, स्पीच डेटा अशा नावांनी येतात आणि प्रत्येकीत पायथन, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), रेग्युलर एक्स्प्रेशन्स (मजकुरात ठरावीक साचे शोधायची पद्धत) मागतात. मला प्राटचं (आवाजाचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर) स्क्रिप्टिंग चांगलं येतं, आर या प्रोग्रॅमिंग भाषेत स्टॅटिस्टिक्स करते, इलानमध्ये (रेकॉर्डिंगवर नोंदी करायचं सॉफ्टवेअर) भरपूर रेकॉर्डिंग्ज अ‍ॅनोटेट केलीत, पायथन कामापुरतं. एवढ्यावर अर्ज करावा का, की आधी सहा महिने प्रोग्रॅमिंगच करू? इंटरव्ह्यूत नेमकं काय विचारतात? आणि एकदा कंपनीत गेलं की विद्यापीठाचं दार बंद होतं हे खरं आहे का? या विषयावर माझा खरंच जीव आहे हो, तो सोडून भलतंच काही करायचं नाहीये.

प्रतिसाद १

मी स्पीच सिंथेसिसच्या (मशीनकडून मजकूर बोलून घेण्याच्या) टीममध्ये आहे, पीएचडी ध्वनिविज्ञानातच. सहा महिने थांबू नका, अर्ज करता करता शिका. पायथनमध्ये मजकुराच्या फाइल्स वाचणं, साफ करणं, मोजणं आणि रेग्युलर एक्स्प्रेशन्स एवढं पक्कं असलं तरी सुरुवातीला पुष्कळ होतं.

मला इंटरव्ह्यूत विचारलं होतं की मजकुरात ३/४ आलं तर मशीनने ते तारीख म्हणून वाचायचं, अपूर्णांक म्हणून की घराचा नंबर म्हणून, आणि हे कशावरून ठरवायचं त्याचे नियम लिहा. मी आजूबाजूच्या शब्दांवरून नियम लिहिले, तर ते म्हणाले आता तुमचाच नियम कुठे फसेल ती उदाहरणं द्या. खरी परीक्षा तिथे होती. कोड बेताचाच होता माझा, पण डेटाकडे कसं बघते हे त्यांना बघायचं होतं.

सीव्हीत 'क्षेत्रकार्य केले' एवढंच लिहू नका. किती तासांचं रेकॉर्डिंग, बोलणाऱ्यांची संमती कशी घेतली, अ‍ॅनोटेशनचे नियम कोणी लिहिले, दोन जणांचं अ‍ॅनोटेशन किती जुळलं, कप्पा (kappa, ही जुळणी मोजायचा आकडा) काढला असेल तर तोही टाका. कंपनीत रोज हेच काम असतं. आणि कंत्राटी जागा असेल (यात खूप असतात, आणि पगार मधल्या एजन्सीकडून येतो) तर मुदत वाढते का आणि पेपर छापू देतात का हे सही करायच्या आधी विचारा. परतायचं दार उघडं ठेवायचं असेल तर पेपरचं विसरू नका, माझ्या ओळखीतले जे परत शिकवायला गेले ते सगळे मधल्या काळात छापत राहिले होते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर घालतो, वर्षभराच्या जागांपेक्षा युरोपातली मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप बघा, सहसा सप्टेंबरमध्ये मुदत असते. पीएचडी झालेली लागते, आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नको. त्याआधी तिकडचा मार्गदर्शक मिळवावा लागतो, प्रस्ताव दोघांनी मिळून लिहायचा असतो, त्यामुळे आतापासूनच मेल पाठवायला लागा. दस्तऐवजीकरणासाठी ईएलडीपीची (एन्डेंजर्ड लँग्वेजेस डॉक्युमेंटेशन प्रोग्रॅम) ग्रँट पण आहे, धोक्यातल्या भाषांवर काम असेल तर नक्की बघा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप खूप आभार! कप्पा काढलेला आहे पण सीव्हीत टाकायचं सुचलंच नव्हतं, आजच टाकते. व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) सप्टेंबरच्या आधी होईल का ते उद्या गाईडना विचारते. स्पीचवाल्या ताई, नियम लिहायचा सराव कुठल्या डेटावर करू तेवढं सांगाल का?

प्रतिसाद १

तुमचीच ट्रान्सक्रिप्ट्स घ्या की. आकडे, तारखा, संक्षेप जिथे जिथे आलेत ते वेगळे काढा आणि बोलणाऱ्याने प्रत्यक्षात काय म्हटलंय ते ऐकून ताडून बघा. उत्तर रेकॉर्डिंगमध्येच असतं, वेगळा डेटा शोधायची गरज नाही.