अनुभव सांगा: पळायला सुरुवात कुठं केली, ट्रेडमिलवर की रस्त्यावर?

मागच्या दिवाळीनंतर मी पळायला लागले. वय ३८. शाळेतला खेळाचा तास संपला तेव्हापासून पळण्याशी संबंध नव्हता. छत्रपती संभाजीनगरला गारखेड्यात राहते, विभागीय क्रीडा संकुल घरापासून चालत दहा मिनिटांवर. तरी पहिले दोन महिने सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलवरच काढले, कारण तिथं कुणी बघत नव्हतं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. पट्टा ताशी ७ किलोमीटरवर लावला की तो ७ वरच राहतो.

फेब्रुवारीत हिंमत करून संकुलावर गेले आणि पहिली फेरीसुद्धा पूर्ण झाली नाही. आत अर्धा तास निघत होता, बाहेर दोन मिनिटांत छाती भरून आली. दोन महिने वाया गेले असं वाटून त्या दिवशी फार वाईट वाटलं. संध्याकाळी फोनमध्ये बघितलं तर मी ताशी साडेदहाच्या वेगानं सुटले होते! वेग सांभाळायचं काम आजवर यंत्र करत होतं, माझ्या पायांना त्याचा अंदाजच नव्हता.

आता अंबाजोगाईची नणंद विचारतेय, "वहिनी, मशीन घेऊ का गं?" माझ्या एकटीच्या अनुभवावर तिला काय सांगू? पळण्याबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक थंड हवेच्या, रुंद फुटपाथांच्या गावांतलं. आपल्याकडं मे महिना असतो, लाईट जाते, काळी माती असते आणि गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून विचारतेय. सल्ला नको, तुमचं काय झालं ते लिहा. विशेषतः पहिले दोन-तीन महिने.

परभणी, वय ५२

ताई, मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी आधी तीन महिने नुसतं चालायला लावलं, ते मी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर केलं. सकाळी तिथं झाडांची सावली आणि मोकळी हवा मिळते, वाहनं कमी. पण पळायला सुरुवात केली ती मुद्दाम जिममध्ये. कारण एकदा चालतानाच हातपाय थरथरले, घाम फुटला, शुगर खाली गेली होती. रस्त्यात एकटा असतो तर काय, ही भीती बसली. मशीनवर धरायला दांडा असतो, शेजारी माणूस असतो, बटण दाबलं की थांबता येतं. तीन महिन्यांत शरीर कळलं, मग बाहेर आलो. आजही खिशात ग्लुकोजची पुडी असते आणि घरी सांगून निघतो.

आमच्याकडं डिसेंबरात पारा एकआकडी होतो आणि मे महिन्यात ४२ च्या पुढं जातो. थंडीत सात वाजता निघतो, एप्रिलमध्ये पाचला. मे महिन्यात पहाटेसुद्धा भिंती गरम असतात, तेव्हा पुन्हा जिम. पण बंद खोलीत पंख्याशिवाय पळू नका. बाहेर पळताना अंगाला वारा लागतो, घाम वाळतो. मशीनवर माणूस जागेवरच असतो, वारा लागत नाही, अंग तापत जातं.

जालना

मोती तलावाकडं सकाळी पळायचो. कुत्री मागं लागली, घाबरून जोरात पळालो, पोटरीला चावा बसला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतलं आणि लगेच दवाखाना गाठून इंजेक्शनं चालू केली, सगळे डोस पूर्ण केले. आता कुत्रं अंगावर आलं की थांबतो, त्याच्याकडं तोंड करून हळूहळू मागं सरतो. मैदान सोडलं नाही, वेळ बदलली. उजाडल्यावर, माणसांची वर्दळ सुरू झाली की निघतो.

आष्टी तालुका, जि. बीड, पोलीस भरतीची तयारी

माझं थोडं वेगळं आहे. मला तब्येतीसाठी पळायचं नव्हतं, मला १६०० मीटर मारायचं होतं. अविनाश साबळे आमच्याच तालुक्यातल्या मांडव्याचे. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत जायचे. पुढं सैन्यात गेले, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणलं, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आमच्याकडं पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं दिसतात त्यांच्या डोक्यात हेच नाव असतं.

पण मी शिकायला शहरात होतो, हॉस्टेलजवळच्या जिममध्ये ट्रेडमिल होती, तिथं चालू केलं. चार महिन्यांत वीस मिनिटं न थांबता पळायलो होतो. वाटलं, तयारी झाली. गावी येऊन फक्कीनं आखलेल्या ४०० च्या ट्रॅकवर चाचणी दिली. पहिला राउंड ७० सेकंदांत गेला, सोबतची पोरं सुटली म्हणून मीबी सुटलो. दुसरा ८०, तिसरा ९०, चौथ्याला १००. एकूण ५ मिनिटं ४० सेकंद, आणि शेवटी मैदानावर आडवा पडलो. मला साडेपाच मिनिटं पाहिजे होती. त्याला राउंडला साडेब्याऐंशी सेकंद लागतात, चारही राउंड सारखे. हे गणित मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. आणि साडेपाच मिनिटं म्हणजे ताशी साधारण साडेसतरा किलोमीटर. आमच्या जिमची मशीन १६ च्या वर जातच नव्हती. म्हणजे ज्या वेगाची परीक्षा, त्या वेगानं मी एकदाही पळालो नव्हतो. वळणावर अंग कसं झुकवायचं, गर्दीत आतली बाजू कशी धरायची, हे पट्ट्यावर येतच नाही.

त्यानंतर सहा महिने मैदान. दोन ४००, मधी चालणं, परत दोन ४००. हातात घड्याळ. मागच्या महिन्यात ५ मिनिटं २६ सेकंद आलं. दम तयार करायला मशीनचा मला फायदा झाला, ते नाकारत नाही. पण भरतीची पोरं वाचत असतील तर सांगतो: पहिल्या दिवसापासून आठवड्यात दोनदा तरी मातीवर या.

लातूर, घरी मशीन

मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हा घेतली. नवरा सकाळी सातला निघतो, सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाळ कुणाकडं ठेवून मैदानावर जाणार? पाळण्यात झोपलं की वीस मिनिटं मशीन. त्या वीस मिनिटांनी मला फार सावरलं. दिवसभरात तेवढाच वेळ माझा होता. म्हणून "मशीनला काय अर्थ आहे" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पण घेताना काय विचारायचं ते माहीत नव्हतं, ते लिहिते. पहिलं, लाल क्लिप कपड्याला लावाच. मी लावत नव्हते. एक दिवस पाय घसरला, पट्टा चालूच राहिला, दोन्ही गुडघे सोलले. क्लिप लावलेली असती तर ती ओढली जाऊन मशीन लगेच बंद पडली असती. मूल घरात असेल तर पळून झाल्यावर क्लिप काढून उंच ठेवा, म्हणजे त्याला मशीन चालू करता येत नाही. दुसरं, आमच्या भागात व्होल्टेज वर-खाली होतं. दोन महिन्यांत मशीनचा बोर्ड गेला. मेकॅनिक म्हणाले, १६ अँपियरचा वेगळा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि स्टॅबिलायझर हे सगळं आधी करायला पाहिजे होतं. तिसरं, धूळ. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल वेळेवर घालावं लागतं, नाहीतर पट्टा जड चालतो आणि मोटारीवर ताण येतो. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर खाली जाड रबरी मॅट टाका, खालच्या घरात धपधप ऐकू जाते.

आता मुलगा शाळेत जातो. त्याला सोडलं की तशीच क्रीडा संकुलावर जाते. मशीन विकलेली नाही.

कळमनुरीकडून

शेती आहे. पावसाळ्यात आमची काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय किलोभर जड होतो. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय अडकून मुरगळला. म्हणून डांबरी रस्त्याच्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळतो. इथं मशीनचा प्रश्नच नाही.

नांदेड, फिजिओथेरपिस्ट

माझ्याकडं नडगी धरून येणारे नवखे दोन्हीकडचे असतात. पट्टा थोडा दबतो म्हणून दुखणारच नाही असं नाही. तिथं प्रत्येक पाऊल हुबेहूब आधीसारखं पडतं, हजारो वेळा. रस्त्यावर चढ-उतार, खड्डे असतात, घोटा दरवेळी वेगळं काम करतो, त्यामुळं मशीनवरून एकदम बाहेर आलेल्यांच्या पोटऱ्या आणि घोटे दुखतात. दोन्हीकडं मूळ कारण बहुधा एकच निघतं: वाढवायची घाई. नडगीच्या हाडावर एका बोटानं दाबून ठराविक ठिकाणीच जोरात दुखत असेल तर पळणं थांबवा आणि दाखवा.

मी स्वतः चाळिशीत सुरू केलं. दांडे धरून पळायचे, ही माझी चूक. त्यानं वजन हातांवर जातं, पायांना सवय लागत नाही. आणि मशीनला १ टक्का चढ लावलाच पाहिजे, असं ऐकून मी तेही केलं. तो चढ वाऱ्याच्या अडथळ्याची भरपाई म्हणून असतो आणि हा अडथळा जाणवतो वेगात पळणाऱ्याला. ताशी ७-८ वर पळणाऱ्यानं त्याची काळजी करू नये. पळताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढं बघावं.

धाराशिव, कॉलेजची विद्यार्थिनी

हातलाई देवीच्या डोंगराकडं जायचे. दोन मुलं मोटारसायकलवरून रोज मागं यायला लागली. घरी सांगितलं तर पळणं बंद होईल म्हणून दहा दिवस गप्प बसले. शेवटी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मी येते." ती चालते, मी तिच्यापुढं जाऊन परत तिच्याकडं येते, पुन्हा पुढं जाते. त्यात माझं अंतर वाढलं आणि आईचं चालणं सुरू झालं. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या सकाळी, झेंडावंदनाआधी पहिल्यांदा ५ किलोमीटर न थांबता पळाले. शेवटच्या शंभर मीटरला आई टाळ्या वाजवत होती.

मी पुन्हा, गारखेड्याहून

सगळं नणंदेला फोनवर वाचून दाखवलं. लातूरच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं. तिच्या घरीही व्होल्टेजचा तोच प्रश्न आहे, म्हणून मशीनचं तूर्त थांबवलंय. धाराशिवचं ऐकून ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, शेजारच्या काकूंना गुडघ्यासाठी चालायला सांगितलंय, त्या रोज एकट्याच जातात. सोमवारपासून साडेपाचला दोघी निघणार आहेत. तिनं विचारलं, काकू मागं राहिल्या तर काय करू? म्हटलं, परत त्यांच्याकडं पळत ये.

अजून कुणी लिहिणार असाल तर लिहा. उन्हाळ्यात दुपारच्या पाळीत काम करणाऱ्यांचा अनुभव मला विशेष हवा आहे.